इग्बो भगिनींची हकीकत

भगिनींनो, यंदाच्या अंकासाठी पाककृतीऐवजी थोडा इतिहास लिहिते. हकीकत दूरच्या आफ्रिकेतील, पण बायकांची आहे.

नायजेरियातील इग्बो लोकांवर चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. अचेबे यांचे वडील ख्रिस्ती होऊन मिशनचे शिक्षक झालेले, त्यामुळे नवे व जुने दोन्ही लेखकाने जवळून पाहिले होते. माझ्या मुलीला कॉलेजात हे पुस्तक होते. दुपारी मी धान्य निवडीत बसे व ती मला मराठीत सांगे.

पुस्तकाचा नायक ओकोंक्वो. मोठा पहिलवान व मानी गडी. पाद्री आणि गोरे सरकार यांच्यापुढे तो वाकला नाही, शेवटी गळफास लावून मेला. त्याचे वाईट वाटतेच. परंतु माझे मन न्नेका नावाच्या बाईपाशी अडकले. त्यांच्यात जुळी होणे म्हणजे धरणीमातेचा कोप. जन्मताच मडक्यात घालून रानात टाकीत. आपल्याकडे जुळे झाले की दोन पाळणे बांधतात, आणि तेथे ही तऱ्हा! न्नेकाची चारही बाळंतपणे जुळ्यांची. चारही वेळा पोरे गेली.

पाद्र्यांनी देवळासाठी जागा मागितली तेव्हा गावाने मुद्दाम भुताटकीचे रान दिले. चार दिवसांत मरतील अशी खात्री होती. ते मेले नाहीत. मग पाचव्यांदा दिवस राहिलेली न्नेका त्यांच्याकडे निघून गेली. न्नेका या नावाचा अर्थच ‘आई श्रेष्ठ’! तिला कोणाचा धर्म खरा हे काय पाहायचे होते? पोटातले जगावे एवढेच. मूल जगले का, असे मी मुलीला विचारले. पुस्तकात पुढे तिचे नाव नाही.

ही रीत लेखकाच्या मनची नव्हे. मेरी स्लेसर ही स्कॉटलंडमधील गिरणीकामगार मुलगी १८७६ साली त्याच बाजूच्या कॅलाबारला मिशनचे काम करण्यास गेली. १९१५ साली मरेपर्यंत तिने टाकलेली कितीतरी जुळी उचलून वाढविली. तिला मी हात जोडते.

पण मिशनपाठोपाठ सरकारी कचेरी आली, हेही सांगितले पाहिजे. इग्बो बायकांच्या पूर्वापार स्वतःच्या सभा असत. एखाद्या पुरुषाने बायकोला छळले, तर साऱ्याजणी त्याच्या दारात जमून रात्रभर त्याच्या नावाची गाणी म्हणत; तो कबूल होईपर्यंत उठत नसत. (आपल्या मंडळाने हे मनावर घ्यायला हरकत नाही!) सरकारने या सभांना विचारलेच नाही. गावोगाव आपले पाटील नेमले, ते बहुतेक सारे पुरुष.

१९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावी न्वान्येरुवा ही विधवा तेल काढीत होती. पाटलाचा माणूस तिची माणसे व शेळ्या मोजायला आला. आता बायकांवरही कर बसणार, हे तिने ओळखले. तुझ्या आईला मोजलेस का, असे तिने त्याला विचारले आणि हात झटकून थेट बायकांच्या सभेत गेली. महिन्याभरात हजारो बायका पाटलांच्या दारांत व कचेऱ्यांपुढे उभ्या राहिल्या, तीच जुनी गाणी म्हणत. सरकारने गोळ्या घातल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. बायकांवरचा कर बसला नाही, आणि नेमलेल्या पाटलांची पद्धत पुढील काही वर्षांत मोडीत निघाली.