जुनी गाडी संस्थेला दान देताय? आधी नाव बदला, मग चावी द्या

गोठ्याच्या बाजूला किंवा चिंचेखाली वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी बऱ्याच घरी दिसते. पोरांनी नवी घेतली, जुनी तशीच राहिली. विकायला गेलं तर भाव येत नाही, म्हणून काहीजण ती गोशाळेला, आश्रमशाळेला किंवा गावातल्या एखाद्या ट्रस्टला देऊन टाकतात. भावना चांगलीच आहे. पण नुसती चावी आणि आरसी बुक हातात दिलं म्हणजे गाडी दिली, असं कायदा मानत नाही.

नाव तुमचं, तर जबाबदारी तुमची

आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच गाडीचा मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यातली कार एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली. दान दिलेल्या गाडीलाही हाच नियम लागतो. संस्थेच्या ड्रायव्हरने अपघात केला आणि गाडीचा विमा संपलेला असला, तर नोटीस तुमच्या घरी येईल. ई-चलनाचे मेसेजही तुमच्याच मोबाईलवर येत राहतील.

देण्याआधी काय बघायचं?

१. संस्था नोंदणीकृत आहे का? धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. गाडी स्वीकारत असल्याचा ठराव आणि लेटरहेडवरचं पत्र घ्या.

२. आरसीची मुदत आहे का? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२२ पासून १५ वर्षांवरील कारसाठी ही फी ५ हजार आणि मोटरसायकलसाठी १ हजार रुपये झाली. २० वर्षांवरील गाड्यांना त्याहून जास्त लागते. पर्यावरण कर वेगळा.

३. विमा, पीयूसी चालू आहे का? जुनं चलन थकलंय का? गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का? यातलं काही राहिलं तर आरटीओत काम अडतं.

४. गाडीवर कर्ज होतं का? हप्ते फिटले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घ्या.

५. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे का? मग आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा, त्यानंतरच दान द्या.

नाव बदलायचं कसं?

फॉर्म २९ म्हणजे गाडी दिल्याची सूचना, तर फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. राज्यातल्या राज्यात गाडी दिली तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. संस्था दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते. अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवरून करता येतो. विमासुद्धा १४ दिवसांत संस्थेच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. "सही करून ठेवा, बाकी आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तरी घेणाऱ्याचं नाव, तारीख सगळं भरल्यावरच सही करा. भरलेल्या फॉर्मचा आणि गाडी दिल्याच्या पत्राचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पत्रात तारखेबरोबर वेळही लिहा. गाडीला फास्टॅग असेल तर तो बंद करा. महिन्याभराने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते तपासा.

गाडी दिली म्हणून आयकरात सूट मिळते का?

नाही. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सूट पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. सूट हवी असेल तर गाडी विका आणि येणारे पैसे चेकने किंवा ऑनलाइन संस्थेला द्या. रोख २ हजारांपेक्षा जास्त दिले तर त्यावर सूट मिळत नाही. संस्थेकडे ८०जी मंजुरी हवी, शिवाय तुम्ही जुन्या करप्रणालीत असायला हवं.

गाडी चालूच होत नसेल तर?

अशी गाडी संस्थेच्या गळ्यात मारण्यात पुण्य नाही. टायर, बॅटरी, विमा, नूतनीकरण हा सगळा खर्च त्यांच्यावर पडतो. आयटीआयमध्ये मेकॅनिकचा ट्रेड असेल तर मुलांना शिकायला ती उपयोगी पडू शकते, प्राचार्यांना विचारून बघा. तिथे देतानाही कागदपत्रं आणि नोंदणीचं काय करायचं हे आरटीओत विचारून घ्या.

नाहीतर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे गाडीची किंमत मिळते आणि ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं तर नवी गाडी घेताना नोंदणी फी आणि करात सवलत मिळते. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला दिलेली गाडी मात्र सरकारी नोंदीत जिवंतच राहते, आणि तिचा नंबर दुसऱ्या गाडीवर लागण्याची भीती असते. स्क्रॅपचे आलेले पैसे शाळेला किंवा गोशाळेला दिले, तर तेही दानच. त्यांना चाऱ्याला, वह्या-पुस्तकांना कामी येतील आणि तुमच्या मागे कटकटही राहणार नाही.