सत्तेची मर्यादा आणि वारल्यांचा नकार

प्रजेला छळणारा राजा ‘स्वर्गादेश’, म्हणजे राज्य करण्याचा दैवी अधिकार, गमावतो, असा विचार इ. स. पूर्व 4थ्या शतकात चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस याने मांडला. डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींनी मात्र सत्तेची मर्यादा ग्रंथातून नव्हे, तर संघटनेतून आखली. जमीनदारांची वेठ, म्हणजे बिनमोबदला सक्तीची मजुरी, आणि लग्नगडी पद्धत, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी जोडप्याच्या वाट्याला येणारी गुलामी, यांखाली त्यांच्या पिढ्या पिचल्या होत्या. 23 मे 1945 रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभा या शेतकरी संघटनेच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यात 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात 5 आदिवासी हुतात्मे झाले. अन्यायी सत्तेचा अधिकार प्रजेच्या नकाराने संपतो, हे वारल्यांनी सिद्ध केले.