घरोघरी नवजात बाळसेवा
गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने विकसित केलेली उपचारपद्धती. १९९३–९८ मधील क्षेत्रीय चाचणीत ३९ गावांत ही सेवा दिली गेली. ४७ गावे तुलनेसाठी होती. गावातलीच प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करी, श्वास मोजी, ऊब टिकवायला शिकवी. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शनही देई. डॉक्टर नसलेल्या आरोग्यदूताने इंजेक्शन द्यावे का, हाच नेमका वादाचा मुद्दा होता. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, ६२ टक्के घट. २०११ मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर आशा कार्यकर्तींमार्फत देशव्यापी कार्यक्रम आखला. त्यात दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा, घरी जन्मलेल्यासाठी सात गृहभेटी ठरल्या.