स्वतंत्र पक्ष : हरलेल्यांनी विचारलेला प्रश्न



आज ज्या पक्षाविषयी बोलायचं आहे, तो जेमतेम पंधरा वर्षं जगला. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला किंवा दिल्लीत, घरात पंचाहत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर विचारून बघा. मतपत्रिकेवरची ‘तारा’ ही खूण त्यांना आठवेल. ती स्वतंत्र पक्षाची खूण. पक्ष संपला, पण त्याने विचारलेला प्रश्न अजून आपल्यापुढे उभा आहे : नागरिकाच्या आयुष्यात सरकारने कुठपर्यंत यायचं?

पार्श्वभूमी आधी समजून घेऊ. धान्यावरचं नियंत्रण आणि रेशनिंग दुसऱ्या महायुद्धात आलं. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पण नियंत्रणाची सवय गेली नाही. 1951 च्या उद्योग नियमन कायद्याने कारखानदाराला लायसन्स सक्तीचं केलं. काय बनवायचं, किती बनवायचं, कुठे बनवायचं, हे दिल्लीतली फाईल ठरवू लागली. मंजूर क्षमतेपेक्षा जास्त माल काढला, तर शाबासकीऐवजी नोटीस यायची. 1955 मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला आणि शेतमालाचा साठा, वाहतूक आणि भाव सरकारच्या मुठीत गेले.

मग जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसचं नागपूर अधिवेशन झालं. तिथे सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करायच्या, सगळ्यांनी मिळून कसायच्या. धान्याचा व्यापारही सरकारने हाती घ्यायचा. खुद्द काँग्रेसमध्ये चौधरी चरणसिंगांनी विरोध केला. आंध्रातले शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी तर पक्षच सोडला. जमिनीचा तुकडा हीच ज्याची सगळी इस्टेट, त्या माणसाला हा ठराव ऐकून काय वाटलं असेल, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

4 जून 1959 ला मद्रासमध्ये नव्या पक्षाची घोषणा झाली. ऑगस्टमध्ये मुंबईत पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष रंगा, सरचिटणीस मुंबईचे मिनू मसानी आणि पाठीशी चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल. वय वर्षं ऐंशी. या वयात माणसं नातवंडांत रमतात. राजाजींनी ज्या पक्षात उभं आयुष्य घालवलं, त्याच्याच विरोधात दंड थोपटले.

राजाजींचा विरोध पुस्तकी नव्हता. 1952 मध्ये ते मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री होते. त्यांनी धान्यावरची नियंत्रणं उठवली. अधिकारी घाबरले होते, टंचाई भडकेल असं बोललं जात होतं. तसं काही झालं नाही. दडलेलं धान्य बाजारात आलं आणि व्यवहार मार्गी लागला. या सगळ्या कारभाराला त्यांनी नाव दिलं ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’. ते आजही आपल्या तोंडी आहे.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. हेच राजाजी 1951 मध्ये केंद्रात गृहमंत्री होते, तेव्हा वृत्तपत्रांवर अंकुश ठेवणारा कायदा त्यांनीच संसदेत मांडला होता. सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर लेखणी टोचते आणि खुर्ची सुटल्यावर तीच लेखणी प्यारी होते. म्हणूनच सत्तेत चांगली माणसं बसवणं पुरत नाही. खुर्चीचीच ताकद मर्यादित ठेवावी लागते. स्वतंत्र पक्षाच्या विचाराचा गाभा हाच होता.

‘छोटं सरकार’ म्हटलं की काहींना कमजोर सरकार दिसतं. मी आयुष्य वर्दीत काढलं, म्हणून या मुद्द्यावर थोडा थांबतो. फौजेत पहिल्या दिवसापासून शिकवतात : लक्ष्य एक निवडा आणि ताकद तिथे लावा. दहा ठिकाणी पलटणी विखुरल्या तर एकही चौकी टिकत नाही. सरहद्द राखणं, कायदा-सुव्यवस्था, न्याय आणि चलनाची पत ही सरकारची चौकी. ती सोडून सरकार स्कूटर किती निघाव्यात याचा हिशेब करत बसलं. मी फौजेत दाखल झालो तेव्हा बाहेर लोक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आम्हा फौजींना वेगळा कोटा, म्हणून आम्ही खूश! पण कोट्याची खरी गंमत हीच. ज्याला मिळतो तो सलाम ठोकतो आणि टंचाई मुळात केली कोणी, हे विचारायचं विसरतो.

एक ठळक उदाहरण घ्या. 1962 च्या चीन युद्धानंतर सरकारला सोनं हवं होतं, परकीय चलन वाचवायचं होतं. हेतू वाईट नव्हता. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. आपल्याकडे मुलीच्या लग्नात 14 कॅरेटचं मंगळसूत्र कोण घालणार? गल्लीतला सोनार, ज्याची भांडवलशाही म्हणजे एक शेगडी, एक फुंकणी आणि एक तराजू, तो एका हुकमाने बेकार झाला. सोनं थांबलं का? ते समुद्रमार्गे चोरून येऊ लागलं. तस्कर गब्बर झाले आणि सोनार उपाशी राहिला. पुढे 14 कॅरेटची अट मागे घ्यावी लागली, तरी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला 1990 साल उजाडलं.

आता कोणी म्हणेल, हा पैशाचा प्रश्न झाला, यात व्यक्तिस्वातंत्र्य कुठे आलं? इथेच मसानींचं म्हणणं समजून घ्यावं. पोटाची दोरी ज्याच्या हातात, जिभेची दोरीही त्याच्याच हातात. वृत्तपत्राचा कागद हीसुद्धा कोट्याची वस्तू होती. 1972 च्या धोरणात सरकारने पानांवर दहाची मर्यादा घातली. कागद थोडा आहे, सर्वांना पुरवायचा आहे, असं कारण दिलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हे धोरण घटनाबाह्य ठरवलं, कारण पानांवर बंधन म्हणजे विचारांवर बंधन. म्हणजे परमिट हातात असलं की संपादकाला तुरुंगात घालायचीही गरज उरत नाही.

पक्षाची लढाई संसदेत होती, तशी कोर्टातही होती. 1964 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने 44 कायदे नवव्या परिशिष्टात टाकले. म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे त्यांना आव्हान देता येऊ नये, अशी सोय केली. रयतवारीतली जमीनही त्या दुरुस्तीच्या कक्षेत आली. स्वतंत्र पक्षाने कडाडून विरोध केला. विरोधकांच्या हाती एक गोष्ट मात्र पडली : कमाल मर्यादेच्या आतली, स्वतः कसलेली जमीन घ्यायची तर बाजारभावाने मोबदला द्यावा लागेल, असं कलम त्यात आलं. पुढे 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याविरुद्ध कोर्टात गेलेले रुस्तम कूपर हे याच पक्षाचे. नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि फेब्रुवारी 1970 मध्ये दहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द झाला. सरकारने लगेच नवा कायदा आणला, हे वेगळं.

मतपेटीत काय झालं? 1962 मध्ये लोकसभेच्या 18 जागा. 1967 मध्ये 44, म्हणजे काँग्रेसनंतरचा सर्वात मोठा पक्ष. ओडिशात तर सिंगदेव यांच्या नेतृत्वाखाली आघाडीचं सरकार आलं. आणि 1971 मध्ये फक्त 8. ‘गरिबी हटाओ’च्या लाटेत पक्ष वाहून गेला. 1972 च्या डिसेंबरात राजाजी गेले आणि 1974 मध्ये पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

लाटेवर सगळं ढकलणं सोपं आहे. माझ्या मते पराभवाचं खरं कारण पक्षाच्या व्यासपीठावर बसलं होतं. जयपूरच्या महाराणी, रामगढचे राजे, मुंबईचे उद्योगपती. ज्यांच्याकडे भरपूर आहे, ते ‘सरकार दूर ठेवा’ म्हणाले की गरिबाला वाटतं, हे आपलं राखायला निघालेत. स्वातंत्र्याची सर्वात जास्त गरज सोनाराला होती, फेरीवाल्याला होती, दोन एकरवाल्याला होती. त्यांच्या ओसरीवर हा विचार त्यांच्या भाषेत पोचलाच नाही.

तो पोचवण्याचं काम पुढे महाराष्ट्रात शरद जोशींनी केलं. चाकणच्या कांद्यापासून सुरू झालेली शेतकरी संघटना म्हणत होती, भीक नको, घामाचे दाम हवेत. भाव पाडण्यासाठी निर्यातबंदी घालणारं सरकार हेच शेतकऱ्याचं पहिलं संकट, हे त्यांनी लाखोंच्या सभांत खेड्यातल्या माणसाला पटवलं. 1994 मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचं नावही बोलकं आहे : स्वतंत्र भारत पक्ष. निवडणुकीत तोही फार चालला नाही.

मसानींची एक लढाई सांगायची राहिली. आणीबाणीत सेन्सॉरने त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला मजकूर अडवला. सत्तरीचा हा गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, जिंकला. पक्ष उरला नव्हता, खासदारकी नव्हती. उरलं होतं एक छोटं मासिक आणि ताठ कणा.

जाता जाता एक विचार करा. 1989 पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 29-अ आहे. नव्या पक्षाला नोंदणी हवी असेल, तर समाजवादाच्या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे राजाजी आज पुन्हा आले आणि तोच पक्ष काढू म्हणाले, तर त्यांच्यापुढे दोनच वाटा : खोटं लिहून द्या, नाहीतर घरी बसा. समाजवाद तुम्हाला आवडो वा न आवडो. तो पटत नाही असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला पक्ष नोंदवता येत नसेल, तर परमिट राज कारखान्यांतून गेलं आणि मतपेटीच्या दारात अजून उभं आहे.

2023 च्या डिसेंबरात कांद्यावर पुन्हा निर्यातबंदी आली. सरकारं बदलली होती, पंतप्रधान बदलले होते, कायदे बदलले होते. पेन मात्र तेच होतं. ते कोणाच्या हातात आहे यावर आपण दर पाच वर्षांनी भांडतो. त्या पेनात शाई किती असावी, हे विचारणारा पक्ष 1974 मध्ये संपला. आता ते विचारण्याचं काम तुमच्या-आमच्यासारख्या नागरिकांचं आहे.

जय हिंद.