फुल साइझ पिकअप ट्रक घेताय? ब्रँडच्या आधी दारावरचं पिवळं स्टिकर वाचा

आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते कांद्याच्या गोण्यांनी भरलेली बोलेरो. अमेरिकेत पिकअप हे वेगळंच प्रकरण आहे. इथे ती घरची गाडीही असते, कामाची गाडीही असते, आणि फोर्डवाले विरुद्ध शेव्हीवाले हा वाद बापाकडून मुलाकडे वारशाने येतो. मी डॅलसजवळ राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझा आतेभाऊ आणि वहिनी शनिवार-रविवारच्या बाजारांत फूड ट्रेलर लावतात. ट्रेलर आधीच घेतलेला होता, तो ओढायला नवीन ट्रक हवा होता, आणि बजेट होतं ६० हजार डॉलर. “तू इंजिनिअर आहेस, तूच सांग कुठली घेऊ,” असं दादा म्हणाला. (कोड लिहिणाऱ्याला ट्रकमधलं कळतं असं नातेवाइकांना का वाटतं, देव जाणे.) त्या निमित्ताने जे वाचलं, मोजलं आणि डीलरच्या आवारात फिरून पाहिलं, ते या लेखात सांगतो. अमेरिकेत किंवा कॅनडात पहिल्यांदाच ट्रक घेणाऱ्यांना उपयोगी पडेल.

मैदानात कोण कोण आहे?

फुल साइझमध्ये ‘हाफ टन’ नावाचा वर्ग सर्वांत जास्त खपतो. त्यात फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, जीएमसी सिएरा १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा या पाच गाड्या येतात. निसानची टायटन होती, पण २०२४ च्या मॉडेलनंतर ती बंद झाली. सिल्व्हराडो आणि सिएरा आतून जवळपास एकच गाडी आहे, त्यामुळे खऱ्या स्पर्धक चारच. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप आहे.

बाहेरच्या कंपन्या इथे इतक्या कमी का, याची गोष्ट मजेदार आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर तसाच राहिला. ‘चिकन टॅक्स’ म्हणतात त्याला. म्हणून टोयोटासुद्धा टुंड्रा इथेच, टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला बनवते.

नावांच्या गोंधळाची तयारी ठेवा. चार पूर्ण दारांच्या मोठ्या केबिनला फोर्ड सुपरक्रू म्हणते, शेव्ही आणि रॅम क्रू कॅब म्हणतात, टोयोटा क्रूमॅक्स. रॅमच्या ‘बिग हॉर्न’ ट्रिमचं नाव टेक्ससमध्ये ‘लोन स्टार’ होतं. कुटुंब असेल तर मोठी केबिन घ्या आणि मागचा हौदा साडेपाच की साडेसहा फुटांचा, एवढंच ठरवा. साडेपाचवाली गाडीसुद्धा सुमारे १९ फूट लांब असते, तेव्हा आधी घरी जाऊन गॅरेज मोजा.

जाहिरातीतला आकडा काय सांगतो?

प्रत्येक कंपनी टोइंगचा मोठा आकडा मिरवते: ११ हजार पौंड, १२ हजार, १३ हजार. हे आकडे खोटे नाहीत. पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीने मोजायचा. आता एसएई जे२८०७ नावाची समान चाचणी आहे. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलांपासून स्वीकारली, डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या नंतर आल्या. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलर ओढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा त्यातला एक भाग आहे.

गोम अशी की या चाचणीत गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, दोघंही १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोची. मागे मुलं नाहीत, हौद्यात सामान नाही. शिवाय तो कमाल आकडा एका विशिष्ट इंजिनाचा, विशिष्ट ॲक्सल रेशोचा आणि टो पॅकेज घेतलेल्या गाडीचा असतो. आवारात तुमच्यासमोर उभी असलेली गाडी बहुधा ती नसते.

मग खरा आकडा कुठे असतो?

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीच्या खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा पेलोड. हा त्या मॉडेलचा सरसकट आकडा नसतो, तर त्याच गाडीचा असतो. ड्रायव्हरसुद्धा त्यातच धरायचा.

हा आकडा येतो साध्या वजाबाकीतून. गाडीचं जास्तीत जास्त मंजूर वजन ठरलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. म्हणजे काचेचं मोठं छप्पर, थंड-गरम होणाऱ्या सीट, फोर बाय फोर, वीस इंची चाकं, यातलं जे जे तुम्ही पैसे देऊन घेता ते तुमच्या पेलोडमधून कापलं जातं. गाडी जितकी महाग तितकं ओझं कमी, असा उलटा हिशोब. एकाच आवारात, एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांची स्टिकरं मी वाचली. कामाच्या साध्या ट्रिमवर १,८९० पौंड होते, चामड्याच्या सीटवाल्या वरच्या ट्रिमवर १,३९०. १,३९० पौंड म्हणजे ६३० किलो. आपली बोलेरो पिकअप एचडी १.७ अधिकृतपणे १,७०० किलो नेते! अर्थात ती माल वाहण्यासाठीच बनवली आहे आणि हायवेवर ताशी १२० किलोमीटरने मोठा ट्रेलर ओढायचं काम तिचं नाही. तरी तुलना डोक्यात ठेवा, कारण समोरच्या गाडीच्या आकाराने माणूस फसतो.

ट्रेलर ओढताना पेलोडचा काय संबंध? ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्याच चाकांवर असतं, पण पुढच्या दांड्याचा, म्हणजे टंगचा भार थेट ट्रकच्या मागच्या भागावर बसतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवावा लागतो. कमी ठेवला तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतो, आणि हायवेवर ते आवरलं नाही तर ट्रकसकट उलटायची पाळी येते. म्हणजे टंगचा भार कमी करून पेलोड वाचवणं हा मार्ग बंद.

दादाचा हिशोब आम्ही असा मांडला. भरलेला ट्रेलर ७,००० पौंड, त्याच्या १३ टक्के म्हणजे ९१० पौंड. दादा, वहिनी आणि मदतनीस मुलगा मिळून ५२०. वजन विभागणाऱ्या हिचचंच वजन ९०. हौद्यात दोन कूलर, तंबू, गॅसची टाकी असं २५०. एकूण १,७७०. दोन्ही गाड्यांची टोइंग क्षमता ७,००० पौंडांपेक्षा कितीतरी जास्त होती, म्हणजे जाहिरातीच्या हिशोबाने दोन्ही पास. स्टिकरच्या हिशोबाने चामड्याच्या सीटवाली ३८० पौंडांनी नापास. सेल्समन मात्र “इट्स अ ट्रक, इट विल पुल एनीथिंग” म्हणत तिचीच चावी पुढे करत होता. ओढण्यापुरतं तो खरंच बोलत होता. प्रश्न ओढण्याचा नव्हताच. मागचा भाग दबला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं, ब्रेकला अंतर जास्त लागतं आणि मागचे टायर तापतात. टेक्ससचा जुलै आणि आंतरराज्य हायवे धरून बघा.

आता ब्रँड

या हिशोबानंतर ब्रँडचा वाद बराच लहान होतो. तरी फरक आहेत.

मागच्या सस्पेन्शनपासून सुरुवात करू. एफ-१५० आणि सिल्व्हराडोच्या नेहमीच्या मॉडेलांना मागे आपल्या टेम्पोसारखे पाटे असतात. रॅमने २००९ पासून आणि टुंड्राने २०२२ पासून कॉइल स्प्रिंग घेतल्या. म्हणून रिकामी रॅम कारसारखी चालते, माझ्या मते या वर्गात सर्वांत आरामदायी तीच. पण आवारात जी स्टिकरं वाचली त्यांत तिचे आकडे खालच्या बाजूला होते. मुलांना शाळेत सोडायचं आणि वर्षातून दोनदा बोट ओढायची असेल तर मी डोळे झाकून रॅम घेईन.

इंजिनांत फोर्डकडे निवड मोठी आहे: २.७ आणि ३.५ लिटरचे टर्बो व्ही६, ५ लिटरचा साधा व्ही८, आणि ३.५ चा हायब्रिड. शेव्हीकडे ३ लिटरचं डिझेल आहे, ४९५ पाउंड-फूट टॉर्कचं. लांबचं ओढणाऱ्याने ते चालवून बघावंच. रॅमने २०२५ मध्ये हेमी व्ही८ काढून सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणलं, गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला आणि २०२६ ला हेमी परत आलं. टुंड्रात फक्त टर्बो व्ही६, हायब्रिडसह किंवा हायब्रिडशिवाय. बाकी फोर्ड आणि शेव्हीवाल्यांनी भांडण्याआधी एक लक्षात घ्यावं: दोघांचा दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही कंपन्यांनी मिळून विकसित केलेला आहे.

“टोयोटा घे, बिघडत नाही” हा सल्ला आपल्या लोकांकडून हमखास मिळतो. कॅमरीबद्दल ठीक आहे. पण २०२४ मध्ये टोयोटाने २०२२-२३ च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण इंजिनात कारखान्यातल्या कटाईचा कचरा राहिला होता. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही८ असलेल्या सुमारे ६ लाख गाड्या क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषामुळे बोलावल्या. त्याच वर्षी एका वर्षात सर्वाधिक रिकॉल काढण्याचा विक्रम फोर्डच्या नावावर लागला. थोडक्यात, नावावर जाऊ नका, इंजिनावर आणि वर्षावर जा. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन एनएचटीएसएच्या सरकारी साइटवर टाकला की त्या गाडीचे बाकी असलेले रिकॉल फुकट दिसतात. रॅमने २०२६ च्या मॉडेलांना इंजिन-गिअरबॉक्ससाठी १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली, हा मुद्दा तिच्या बाजूने धरा. अटी मात्र नीट वाचा.

हायब्रिडचा मोह

एफ-१५० च्या हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉटचा वीजपुरवठा मिळू शकतो. हौद्यातल्या सॉकेटला वायर लावा, फ्रिज आणि एसी चालू. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फवृष्टीत टेक्ससची वीज गेली तेव्हा काहींनी याच ट्रकवर घरं चालवली होती. फूड ट्रेलरवाल्याला हे ऐकून तोंडाला पाणी सुटणारच. पण बॅटरी आणि मोटरचं वजनही पेलोडमधूनच जातं, आणि आम्हाला बजेटमध्ये मिळत होती त्या हायब्रिडच्या स्टिकरवर १,५६० पौंड होते. दादा दोन दिवस हळहळला. शेवटी त्याने ३.५ टर्बोवाली, फोर बाय टू, मधल्या ट्रिमची एफ-१५० घेतली. स्टिकर १,८४० पौंड. जनरेटर ट्रेलरमध्येच राहिला, त्याचं वजन ७,००० मध्ये धरलेलंच होतं.

यापेक्षा जास्त ओझं असेल तर हाफ टनात ताणू नका, सरळ एफ-२५० किंवा २५०० च्या वर्गात जा. रिकामी असताना ती गाडी हाडं खिळखिळी करते, किंमतही वाढते, पण पेलोडची काळजी मिटते.

घेतल्यावर वजनकाटा

ट्रेलरचं वजन कागदावरून धरू नका. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचा ॲक्सल यांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. एकदा ट्रेलर जोडून जा, एकदा तीच माणसं आणि तेच सामान घेऊन नुसता ट्रक न्या. ट्रकच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेतला फरक म्हणजे टंगचा भार. वजन विभागणारी हिच त्या वेळी सैल ठेवा, नाहीतर आकडा कमी दिसतो.

आमचा ट्रेलर ७,२६० पौंड निघाला, टंग ९४०. म्हणजे एकूण १,८०० आणि हाताशी फक्त ४० पौंड. पाण्याची ४० गॅलनची टाकी पूर्ण भरलेली होती. एक गॅलन सुमारे ८.३ पौंड, म्हणजे ३३० पौंडांहून जास्त नुसतं पाणी, आणि टाकी चाकांच्या पुढे. आता दादा टाकी पाव भरून निघतो आणि उरलेलं पाणी बाजाराच्या जागी नळावर भरतो. टाकी अशी बदलली की टंगचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला नाही ना, हे पुन्हा काट्यावर बघावं लागतं, आम्ही बघितलं.

गाडी बघायला जाण्याआधी डीलरला फोन करून तीन गोष्टी मागा: दारावरच्या स्टिकरचा फोटो, हिचवरच्या लेबलचा फोटो आणि सगळे कर व फिया धरून अंतिम किंमत. हिचच्या लेबलवर दोन मर्यादा असतात, साध्या जोडणीची आणि वजन विभागणाऱ्या जोडणीची, आणि दोन्हींत बराच फरक असतो. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर कारखान्यातूनच बसलेला आहे का तेही विचारा. टेक्ससमध्ये ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात. आम्ही सात डीलरना विचारलं, चौघांनी फोटो पाठवले, आणि त्या चौघांकडेच गेलो.