ऐरणीवरून पान्याकडे

नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानली जाते. आमच्या कुही तालुक्यातील अडम येथेही लोहयुगीन वस्तीचे थर सापडले आहेत. त्या लोहकारांचे आम्ही थेट वंशज, असा दावा करण्याजोगा पुरावा आम्हांपाशी नाही. परंतु या भूमीतील हातांचा लोखंडाशी परिचय किती जुना, हे त्यावरून ध्यानी यावे.

या दीर्घ काळात आमच्या व्यवसायाची एक रीत अबाधित राहिली. काम जसे असेल तसे हत्यार लोहाराने स्वतः घडवावयाचे. वखराची पास असो वा बंडीच्या चाकाची धाव, ती त्या त्या लाकडाच्या मापाने बने. एका बंडीची धाव दुसरीस बसली नाही तर कोणासही नवल वाटत नसे. मोटारीने ही रीत उलटी केली. तेथे नट आधीच ठरलेला. पाना त्यास शोधून लावावयाचा.

हे शोधणे सोपे नव्हते. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण मांडले. त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचविला. पान्यावरील आकड्याचा अर्थही निराळा. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टाच्या दांड्याचा व्यास, तर अमेरिकन पान्यावर नटाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर. म्हणून दोहोंवर 'अर्धा इंच' असूनही पहिल्याचे तोंड पाऊण इंचाहून अधिक रुंद! दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या यंत्रांचे सुटे भाग एकमेकांस बसेनात, तेव्हा कोठे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान प्रमाण मान्य केले.

आपल्याकडे गोंधळ तिहेरी झाला. ब्रिटिश मोटारी होत्याच. स्वातंत्र्यानंतर लवकरच विलीज जीप मुंबईत जुळविली जाऊ लागली, आणि १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात मेट्रिक मापाचे ट्रक काढले. एकाच पेटीत तीन कुळांचे पाने आले. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर चढतो खरा, पण ०.३ मिलिमीटर सैल राहतो. जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात, पाना सटकतो आणि मिस्त्रीच्या बोटांची सालटी निघतात. यास्तव नटास चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना किंवा गोटी पाना आधी घ्यावा. उघड्या तोंडाचा, जागा अडचणीची असेल तेथेच. स्क्रू पान्याने सर्व कामे उरकणाऱ्यास आम्ही मिस्त्री म्हणावयास तयार नाही.

पोलाद ओळखण्याची विद्या मात्र आमच्या घरची. पाणी जास्त बसलेले हत्यार काचेसारखे तडकते, कमी बसलेले वाकते, हे लोहाराच्या पोरास शिकवावे लागत नाही. हवेच्या दाबाने चालणाऱ्या पान्यास म्हणूनच चकचकीत मुलाम्याच्या साध्या गोट्या लावू नयेत. त्याच्या धक्क्यांसाठी काळ्या गोट्या वेगळ्या मिळतात. चाकाचे नट सोडविण्यास हा पाना उत्तम. बसविताना मात्र नट प्रथम बोटांनी आट्यांवर चढवावा, आणि अखेरचा जोर टॉर्क पान्याने मोजून द्यावा. सिलिंडर हेडचे बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. तापलेली धाव थंड होताना चाकास सर्व बाजूंनी सारखी आवळते, हे ज्याने पाहिले आहे त्यास याचे कारण विचारावे लागणार नाही.

कुहीवरून जाणारी नागपूर–नागभीड ही अरुंद रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि उतारूंचा सारा भार रस्त्यावर आला. माणसांनी भरलेल्या गाडीच्या चाकाचा एक नट ढिला राहिला तर काय होईल, हे लिहून दाखविण्याची गरज नाही.

मिस्त्रीच्या स्वतःच्या जिवाचाही विचार हवा. घाव सोसून छिन्नीचे डोके फुलते, आणि त्या कडेचा तुकडा उडाला की डोळा जातो. आमची वडीलधारी मंडळी अशी छिन्नी पुन्हा भट्टीत घालून तिचे डोके सारखे करीत. आता ग्राइंडरवर ते काम दोन मिनिटांचे. मात्र ग्राइंडरच्या चाकावर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांहून कमी नसावेत, झाकण काढू नये व चष्मा चढवावा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक गॅरेजांत हा चष्मा खिळ्यास टांगलेला असतो, आणि त्यावरील धुळीत बोटाने नाव लिहिता येते.