जयघोषाची वीस वर्षे

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले आणि दुसरे १९३९ मध्ये पेटले. या दोहोंमधील काळाचा इतिहास आपण ठराव, परिषदा आणि तुरुंगवास यांच्या क्रमाने वाचतो. ज्या गर्दीने हे सारे उचलून धरले, तिच्या आवाजाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक त्या काळी मतदानाचा हक्क थोडक्यांनाच होता. बाकीच्यांजवळ होता तो कंठ. कोणाचा जयजयकार करावयाचा आणि कोणापुढे गप्प राहावयाचे, एवढेच त्यांच्या हाती होते.

जयघोष आपल्याला नवा नव्हता. देवळात आरती संपली की तो होतच असे. 'सियावर रामचंद्र की जय' यातला 'की' हिंदीचा खरा, पण पंचवटीत तो कोणाला परका वाटला नसेल. १९२० च्या सुमारास नवे घडले ते असे, की देवाच्या जागी हयात माणसाचे नाव आले. 'महात्मा गांधी की जय' ही आरोळी खेडोपाडी पोहोचली. मौज अशी, की ज्यांच्या नावाने ती उठे त्यांनाच तिचा जाच होई. सप्टेंबर १९२० मध्ये गांधीजींनी 'यंग इंडिया'त या गोंगाटावर लिहिले. स्वयंसेवक कसे असावेत, गर्दीने कसे वागावे हे सांगून त्यांनी तीनच घोषणा सुचविल्या: 'अल्ला हो अकबर', 'वंदे मातरम्' किंवा 'भारतमाता की जय', आणि 'हिंदु-मुसलमान की जय'. स्वतःचे नाव त्यांत नव्हते. पुढच्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले तेव्हा स्वागतास गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आदी लोकांवर जमाव तुटून पडला, आणि हात उगारताना तोंडी गांधींचाच जयजयकार होता. तो आवाज आपल्या कानाला इतका कर्कश कधी लागला नव्हता, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. २ मार्च १९३० रोजी, ज्या दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना मिठाच्या सत्याग्रहाआधीचे पत्र लिहिले त्याच दिवशी, नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराकडे मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे चार-चारांच्या रांगेने चालत होती. रांग जवळजवळ मैलभर लांब होती. पुढे बँड, मागे बालवीर, त्यामागे स्त्रियांचे पथक. नाशिकने इतकी मोठी मिरवणूक तोवर पाहिली नव्हती. गर्दीकडून गांधीजींनी जी शिस्त दहा वर्षांपूर्वी मागितली होती, ती येथे दिसली, आणि ती दाखविली कोणी, तर ज्यांना गाव आपल्या विहिरीवर येऊ देत नव्हते त्यांनी. देवळाचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दरवाजांशी सत्याग्रहाला बसल्या.

गावाचा दुसरा आवाज ऐकू आला तो ९ एप्रिलला, चैत्रातल्या रथोत्सवाच्या दिवशी. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असा समझोता झाला होता. पाहावयास हजारो लोक जमले. परंतु अस्पृश्यांचे हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळविला गेला, आणि दगडफेक सुरू झाली. बाबासाहेबांवरही दगड आले. रामाचा जयजयकार करावयाचा हक्क कोणाचा, हा वाद त्या दिवशी दगडांनी लढविला गेला. त्याच दिवसांत मिठाच्या सत्याग्रहाचा उत्साह देशभर होता, आणि स्वराज्यासाठी गळा फोडणाऱ्यांपैकी काही तरी या रस्त्यावर असलेच पाहिजेत. नाशिककर या नात्याने आपण ही गोष्ट झाकून ठेवू नये. तुरुंगात गेलेल्यांच्या सत्कारसभा जितक्या अभिमानाने आठवतो, तितक्या स्पष्टपणे ही आठवण ठेवावी, असे आम्हांस वाटते.

भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे पुढच्या दादासाहेबांनी, लढा पुढे कित्येक वर्षे नेटाने चालविला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्यास, सुमारे दहा हजारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबविण्याचेही तेथेच ठरले.

त्याच सुमारास एक नवा जय लोकांच्या तोंडी बसू लागला. कामठीचे बाबू हरदास यांनी तो रूढ केला असे सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाकून 'जोहार' घातला होता, ते आता घराच्या उंबऱ्यावर, वाटेत भेटल्यावर, सरळ उभे राहून एकमेकांस 'जय भीम' म्हणू लागले.